शेजारच्यांचा गोल आधी का होतो?

आमच्या घरात फुटबॉल आला तो मामीबरोबर. ती कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेली. लग्न होऊन पुण्यात आली आणि क्रिकेटशिवाय दुसरं काही न बघणाऱ्या आमच्या घराला तिने हा नाद लावला. तेव्हापासून वर्ल्ड कपचा मोठा सामना सुट्टीच्या दिवशी आला की सगळे कोथरूडला मामाकडे जमतात. पावभाजीचा तवा चढतो, आजीची खुर्ची टीव्हीच्या बरोबर समोर सरकवली जाते आणि सामना संपेपर्यंत कुणी घरी जायचं नाव काढत नाही.

18 डिसेंबर 2022 ला रविवार होता. कतारमध्ये अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना, आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झालेला. सामना 3-3 वर येऊन ठेपला होता आणि जादा वेळेतले शेवटचे क्षण उरले होते. आमच्या टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मध्याजवळ होता. तेवढ्यात समोरच्या इमारतीतून ‘अरे वाचला, वाचला!’ असा एकच कल्लोळ झाला. मामीने चटकन खिडकीकडे पाहिलं. मग काही वेळाने आमच्या पडद्यावर फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा गोलसमोर आला, त्याने फटका मारला आणि एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय लांबवून तो अडवला. त्या वर्ल्ड कपमधला सगळ्यात थरारक क्षण आमच्या घराने निकाल ठाऊक असताना पाहिला.

समोरच्यांकडे डिश होती, आमच्याकडे वायफायवर चालणारं ॲप. सामना एकच, दिवसही तोच, मग मधले हे सेकंद कुठे गेले?

पहिला संशय अंतरावर जातो. पण अंतर इथे जवळजवळ निर्दोष आहे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने जातात, म्हणजे खालून वर आणि वरून खाली या पूर्ण फेरीला साधारण पाव सेकंद लागतो. काचतंतूच्या केबलमध्ये प्रकाश थोडा मंदावतो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. कतार ते पुणे सरळ रेषेत अडीच हजार किलोमीटरच्या आतबाहेर आहे. केबल वळसे घेत आली तरी हा प्रवास सेकंदाच्या छोट्याशा अंशात उरकतो. शेजाऱ्यांच्या आरोळीचं म्हणाल तर आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. समोरची इमारत 34 मीटरवर असेल तर आरोळी आपल्या कानी यायला सेकंदाचा एक दशांश भाग पुरतो. या सगळ्याची बेरीज एक सेकंदसुद्धा होत नाही.

खरा वेळ जातो तो थांबण्यात. चित्र वाटेत ठिकठिकाणी थांबवून ठेवावं लागतं, आणि ते का, हे समजून घेण्यासारखं आहे.

हाय डेफिनिशनच्या एका चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळपास 20.7 लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला 24 बिट लागतात. सेकंदाला अशी 50 चित्रं धरली तर हिशेब सेकंदाला अडीच अब्ज बिटच्या घरात जातो. आपल्या घरातल्या जोडणीवर एका सामन्यासाठी याच्या काही शतांश भागाइतकीही जागा नसते. त्यामुळे चित्र दाबून लहान करावं लागतं. फुटबॉलमध्ये हिरवळ एका चित्रातून पुढच्या चित्रात फारशी बदलत नाही. मग ती पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि पुढच्या चित्रांत फक्त काय हललं तेवढंच सांगायचं. यातली काही चित्रं तर आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने बांधली जातात. इथे मला या तंत्राचं फार कौतुक वाटतं, पण वेळेची पहिली मोठी किंमत इथेच मोजावी लागते. नंतरचं चित्र आल्याशिवाय मधलं चित्र बांधता येत नाही, म्हणून यंत्राला भविष्याची वाट बघत थांबावं लागतं. पाठवणाऱ्याकडे थांबणं झालं, मग चॅनेलकडे पुन्हा उलगडून त्यावर समालोचन आणि पट्ट्या चढवणं झालं, पुन्हा दाबणं झालं, शेवटी घरातल्या सेट-टॉप बॉक्समध्ये उलगडणं झालं. डिशचं चित्र मैदानाच्या पाच ते दहा सेकंद मागे राहतं ते यामुळे.

ॲपवर याच्या वर आणखी एक थर चढतो. इंटरनेटवरून येणारा व्हिडिओ सलग धारेसारखा येत नाही, त्याचे तुकडे करून पाठवतात. ॲपल कंपनीने 2009 मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत यासाठी खूप वापरली जाते. त्यात सुरुवातीला एकेक तुकडा दहा सेकंदांचा असे, पुढे सहा सेकंदांची शिफारस झाली. तुकडा पूर्ण भरल्याशिवाय तो पाठवता येत नाही. शिवाय वायफाय मध्येच मंदावलं तर चित्र अडकू नये म्हणून ॲप साधारण तीन तुकडे हाताशी साठवून मगच दाखवायला लागतं. सहा त्रिक अठरा सेकंद इथेच गेले. आधीचा विलंब मिळवला की अर्धा मिनिट सहज होतो. सामना बघताना मध्ये पॉज केलं तर तेवढी भर वेगळीच. दोन फोनवर तेच ॲप लावलं तरी दोन्हीकडचा क्षण जुळत नाही, कारण प्रत्येकाने वेगवेगळ्या तुकड्यापासून सुरुवात केलेली असते.

त्या सामन्यात फ्रान्सच्या एम्बाप्पेचे पहिले दोन गोल 97 सेकंदांच्या अंतराने झाले. अशा खेळात अर्धा मिनिट म्हणजे फार मोठा काळ आहे.

अँटेनाच्या काळात हा प्रश्नच नव्हता. 1986 चा अंतिम सामना 29 जूनला झाला, तोही रविवारच. मेक्सिकोत दुपार, आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. तेव्हा पुण्यात दूरदर्शन दिसायचं ते सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे. ॲनालॉग लहरींत साठवण नव्हती, दाबणं-उलगडणं नव्हतं. मनोऱ्यापासूनच्या अंतरात दोन घरांमध्ये तीन किलोमीटरचा फरक असला तरी चित्र पोहोचण्यात सेकंदाच्या एक लाखाव्या भागाचा फरक पडायचा. सदाशिव पेठेतला वाडा आणि डेक्कनचा बंगला खऱ्या अर्थाने एकाच क्षणी ओरडत. आज चित्र कितीतरी स्वच्छ झालं आहे, पण हे एकाच क्षणी ओरडणं आपण गमावलं, आणि मला ती गोष्ट लहान वाटत नाही.

ती लहान का नाही, याचा धागा मेंदूच्या अभ्यासात सापडतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींवर प्रयोग केले. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की या पेशी जोरात चेततात. पण रसाच्या आधी दर वेळी एक दिवा लावला तर काही काळाने त्या दिव्यालाच चेततात, आणि रस प्रत्यक्ष मिळतो तेव्हा जवळपास गप्प राहतात. दिवा लागूनही रस आला नाही तर त्यांची हालचाल नेहमीपेक्षाही खाली जाते. पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्याबरोबर शुल्ट्झ यांनी 1997 मध्ये याचा अर्थ मांडला: या पेशी सुख मोजत नाहीत, तर अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात.

माणूस म्हणजे माकड नव्हे आणि गोल म्हणजे रस नव्हे. तरी मला वाटतं, आमच्या दिवाणखान्यात त्या रात्री हेच चाललं होतं. आरोळी हा दिवा झाला होता. पेनल्टी सुरू होईपर्यंत आमच्याकडची पोरं पडद्याऐवजी खिडकीकडे कान लावून बसली होती, कारण बातमी तिकडून येत होती.

यावर उपाय आहेत. ॲपल कंपनीने 2019 मध्ये कमी विलंबाची एचएलएस जाहीर केली. तिच्यात तुकड्याचेही बारीक भाग करून ते तयार होतील तसे पाठवतात. हे सगळीकडे रुजेपर्यंत घरात डिश किंवा केबल असेल तर मोठा सामना त्यावरच लावावा, आणि ॲपच असेल तर पॉज केल्यावर ‘लाइव्ह’चं बटण आठवणीने दाबावं. स्कोअर कळवणारे फोनचे संदेश बंद ठेवावेत, कारण ‘2-1’ एवढा मजकूर काही बाइटचा असतो आणि त्याला कुठेही थांबावं लागत नाही. परगावचं कुणी व्हिडिओ कॉलवर सोबत बघणार असेल तर पडद्याच्या कोपऱ्यातलं सामन्याचं घड्याळ दोघांनी मोठ्याने वाचावं. आमचा बंगळूरचा मावसभाऊ 41:20 म्हणाला आणि इथे 41:32 दिसत असेल, तर आम्ही बारा सेकंद पॉज करतो आणि तिथून पुढे दोन्ही घरं बरोबर चालतात. हे काम आता आजीने स्वतःकडे घेतलं आहे. हाफ टाइमनंतर ती पुन्हा एकदा घड्याळ जुळवून घ्यायला लावते.