फाळक्याची घरगुती बिजागरी

जीप, जिप्सी, थार यांसारख्या फोर बाय फोर गाडीच्या मागच्या दाराला कारखान्यातून आलेल्या बिजागऱ्या काढून त्यांच्या जागी जाड पट्टी, सीमलेस पाइप आणि गोल सळई वापरून बनवलेली बिजागरी. फाळका म्हटले की आधी डोळ्यांपुढे ट्रक नाहीतर उसाची ट्रॉली येते. पण जुन्या जीपचे मागचे दारही तसेच खाली पडणारे होते, त्यामुळे हा शब्द तिलाही चपखल बसतो. आडव्या उघडणाऱ्या दाराला कोणी फाळका म्हणतात, कोणी डिकी. गॅरेजात दोन्ही चालते.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला फाळकाच नव्हता. मागचा पत्रा सलग होता आणि स्टेपनी व पेट्रोलचा डबा त्याच पत्र्यावर लटकत. १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी म्हणून आलेल्या सीजे-२ए या नागरी जीपला खाली पडणारा फाळका मिळाला, आणि मागची जागा मोकळी हवी म्हणून स्टेपनी गाडीच्या उजव्या कुशीला गेली. १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि तळाशी बिजागऱ्या, दोन बाजूंना साखळ्या, हीच रचना आपल्याकडच्या रस्त्यांवर रुळली. ब्रिटनमधली जुनी लँड रोव्हरही साखळ्यांच्या फाळक्याचीच. पुढे रचना बदलली. १९८५ ची मारुती जिप्सी, १९८७ च्या मॉडेलपासूनची जीप रँग्लर आणि २०२० ची नवी थार या सगळ्यांचे मागचे दार कुशीवर उघडते आणि स्टेपनी त्या दारावरच असते. पूर्वी बिजागरीला फक्त दार पाडायचे आणि उचलायचे एवढेच काम होते. आता तिच्या खांद्यावर एक अख्खे चाक रात्रंदिवस टांगलेले असते.

मूळच्या चाकाला ती पुरते. पण हौशी मालक टायर मोठा करतो, आणि स्टेपनीही तशीच मोठी घ्यावी लागते. ३१ इंची टायर लोखंडी रिमसकट तीसेक किलोच्या घरात जातो, ३५ इंची सहज चाळिशी ओलांडतो. त्यावर कोणी जॅक अडकवतो, कोणी पाण्याचा कॅन. मग दार लोंबू लागते, कडी बसवताना ते हाताने उचलून धरावे लागते, आणि कच्च्या रस्त्यावर मागून खडखड सुरू होते. घरगुती बिजागरीचा विचार बहुतेक वेळा या खडखडीनेच सुरू होतो.

जोर कुठे येतो ते एका हिशोबात कळते. दार आणि चाक मिळून ५० किलो धरले, त्या वजनाचा मध्य बिजागरीपासून ६० सेंटीमीटरवर आणि वरच्या-खालच्या बिजागरीतले अंतर ३० सेंटीमीटर धरले, तर उघडे दार वरच्या बिजागरीला १०० किलोच्या जोराने बाहेर ओढते आणि खालचीला तेवढ्याच जोराने आत रेटते. हा झाला गाडी उभी असतानाचा आकडा. बंद दाराला कडीचा आणि रबरी ठोकळ्यांचा आधार असतो, तरी खड्ड्यात आदळताना भार कित्येक पटींनी वाढतो. तेच अंतर ४५ सेंटीमीटर केले की ओढ १०० वरून ६७ किलोवर येते. म्हणून मधे तिसरी बिजागरी घालण्यापेक्षा दोन बिजागऱ्या जमतील तितक्या लांब ठेवणे फायद्याचे. तिसरीने ताकद फारशी वाढत नाही, एका रेषेत आणायची कटकट मात्र वाढते.

नवशिक्याचा भर पिनवर असतो. १२ मिलिमीटरची लावू की १६ची, यावर चर्चा रंगतात. वास्तविक साध्या माइल्ड स्टीलची १२ मिलिमीटरची पिन एका ठिकाणी कातरायला तीन टनांच्या आसपास जोर लागतो. पिन तुटून दार पडले असे क्वचितच घडते. पिन झिजते, बुश (पिन जिच्यात फिरते ती आतली नळी) मोठे होते, वेल्डिंग सुटते आणि सगळ्यांत जास्त वेळा पत्रा फाटतो. गाडीच्या मागच्या कोपऱ्याचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. त्यावर सहा मिलिमीटरची बिजागरी बोल्टने आवळली, तर बिजागरी शाबूत राहते आणि पत्र्याला बोल्टच्या भोकापासून चीर जाते. जड बिजागरी दुखणे घालवतेच असे नाही, कधी नुसते शेजारी सरकवते. त्यामुळे या कामात बिजागरीच्या मागे काय आहे ते आधी पाहावे, मग बिजागरीकडे वळावे.

रचना साधी असते. गाडीच्या अंगावर बसणारी पट्टी ६ मिलिमीटरची, तिला वर-खाली दोन कान. दाराच्या पट्टीला मधोमध पाइपचा तुकडा. आणि तिघांतून जाणारी पिन. अशी दोन्ही टोकांना धरलेली पिन वाकत नाही. एकाच कानावर तोललेली पिन हळूहळू कलंडते. पिनसाठी ईएन८ या मध्यम कार्बन पोलादाचा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची सळई), पाइपात गनमेटलचे (तांबे-कथलाच्या मिश्रणाचे) बुश आणि कान व पाइप यांच्यात पितळी वॉशर, कारण दाराचे उभे वजन याच वॉशरवर फिरते. पाइपाला ग्रीस निपल (ग्रीस भरायचे छोटे तोंड) लावावे की नाही यावर मतभेद आहेत. आमचे मत असे की वर्षातून दोनदा ग्रीस मारणाऱ्यानेच निपल लावावे. उघड्या फटीत जुने ग्रीस आणि धूळ एकत्र आली की व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखे काम करते.

गावोगावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत दोन तयार नमुने डोळ्यांसमोर असतातच. पहिला ट्रॉलीच्या फाळक्याचा: पाइपचे तुकडे एकाआड एक वेल्ड करायचे आणि आरपार सळई घालायची. तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो, म्हणूनच चिखल-मातीत अडकत नाही. पण स्टेपनीच्या दाराला तोच ढिलेपणा नडतो. दुसरा लोखंडी गेटची गोळीसारखी बिजागरी, जिच्यात वरचा भाग खालच्या खुंटीवर नुसता बसवलेला असतो. दार उचलले की निघते, ही मोठी सोय. मात्र घराचे गेट उड्या मारत नाही, गाडी मारते. खुंटीच्या टोकाला आडवे भोक पाडून स्प्लिट पिन घातल्याशिवाय ही बिजागरी गाडीला लावणे धोक्याचे आहे.

पिनच्या मध्याची जागा पट्टीच्या जाडीइतकीच महत्त्वाची, पण तिच्याकडे कमी लक्ष जाते. पिन दाराच्या बाहेरच्या पृष्ठभागापेक्षा पुरेशी बाहेर नसेल तर दार उघडताना त्याची आतली कड खांबाला घासते. फार बाहेर घेतली तर कान लांबतात आणि पत्र्यावरची ओढ वाढते. जुनी बिजागरी काढण्याआधी तिच्या पिनचा मध्य पत्र्यापासून किती दूर आहे ते मोजून ठेवावे, आणि नव्याची प्रतिकृती आधी पुठ्ठ्यावर कापून दार, टेललॅम्प, बंपर आणि नवा टायर यांना ती कुठे अडते ते फिरवून पाहावे. पुठ्ठा फुकट असतो.

सगळी कसोटी लागते ती दोन बिजागऱ्या एका रेषेत आणताना. वरच्या आणि खालच्या पिनचा अक्ष एकच नसेल तर दार फिरताना दोन वेगवेगळ्या वर्तुळांत फिरू पाहते. बंद असताना ठीक वाटते, अर्ध्यात आल्यावर जड होते आणि मग दर उघडझापेला पत्र्याला पीळ बसतो. फाटलेल्या पत्र्याचा दोष वजनावर ढकलला जातो, पण मूळ चूक कित्येकदा इथे असते. यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा. दोन्ही बिजागऱ्यांतून जाईल अशी एकच लांब सरळ ब्राइट बार पिनऐवजी घालायची, दार जागेवर ठोकळे लावून चारी बाजूंना सारख्या फटीत धरायचे आणि बार आत असतानाच टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारायचे. दार उघडून-मिटून हलके वाटले तरच पुढे जायचे.

पूर्ण वेल्डिंग दाराला चिकटवून ठेवूनच करण्याचा मोह टाळावा. टॅक मारलेले भाग उतरवून टेबलावर आवळावेत आणि एका कडेला थोडे, मग समोरच्या कडेला थोडे असे वेल्ड करावेत. थंड होणारे वेल्डिंग पट्टीला आपल्याकडे ओढते. एका दमात एकच कड भरली तर कान वाकलेच म्हणून समजा. पाइपाचे भोकही उष्णतेने आकसते. बुश त्यानंतर बसवावे आणि वेल्डिंग झाल्यावर रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवून पिनेच्या मापाला आणावे. आधीच नायलॉनचे बुश घालून मग वेल्डिंग करणारे महाभाग आहेत. नायलॉन उष्णतेने वितळते आणि त्यांना बुश पुन्हा आणावे लागते. गॅल्व्हनाइज्ड पट्टी असेल तर जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढावा, त्याच्या पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. गाडीवर वेल्डिंग करावेच लागले तर बॅटरीची तार काढावी, आणि टाकी कुठे आहे ते पाहावे. रँग्लर टीजेसारख्या कित्येक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या पत्र्याखालीच असते.

आता पत्र्याकडे. गाडीच्या कोपऱ्यात आतून तीन-चार मिलिमीटर जाडीची प्लेट घालावी, बिजागरीपेक्षा मोठी आणि कडा गोल केलेली, म्हणजे ओढ चार बोल्टांच्या डोक्यांवर न येता विस्तीर्ण भागावर पसरते. जमल्यास या प्लेटचा एक पाय खालच्या क्रॉसमेंबरपर्यंत (चासीच्या आडव्या दांड्यापर्यंत) न्यावा. दार दोन पत्र्यांचे, आतून पोकळ असते, ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीचा) बोल्ट जोराने आवळला की ते पापडासारखे पिचते आणि बोल्ट काही दिवसांत ढिले होतात. प्रत्येक बोल्टभोवती दाराच्या जाडीइतका पाइपचा तुकडा आत घातला की आवळण्याचा जोर पत्र्यावर न येता पाइपावर येतो. हे दहा-पंधरा मिनिटांचे काम दाराचे आयुष्य ठरवते. लँड रोव्हरसारख्या ॲल्युमिनियमच्या अंगावर पोलादाची पट्टी थेट टेकवू नये. मधे रबर किंवा रंगाचा जाड थर नसेल तर ओलाव्यात ॲल्युमिनियम पांढरे पडून खाल्ले जाते; कोकणच्या खाऱ्या हवेत तर फारच लवकर.

इतके करूनही ३५ इंची चाक दारावर ठेवणे आम्हांला पटत नाही. त्या वजनाला चासीवर किंवा जाड बंपरवर बसवलेला स्वतंत्र फिरता कॅरियर हेच उत्तर आहे. त्याची पिन मोठी असते आणि तिच्यात पुष्कळदा चाकाचे टेपर बेअरिंग वापरतात. मग दाराला मूळची बिजागरीही पुरते. फक्त आधी कॅरियर, मग दार असा दुहेरी व्याप मागे लागतो.

खाली पडणाऱ्या फाळक्याचे गणित वेगळे. त्यावर ८० किलोचा माणूस अगदी टोकाला उभा राहिला आणि साखळ्या ४५ अंशांत असल्या तर प्रत्येक साखळीवर सुमारे ५७ किलोचा ताण येतो आणि बिजागऱ्या आत दाबल्या जातात. साखळी जितकी आडवी, तितका ताण जास्त. इथे बिजागरीआधी साखळीचा हूक जातो, तेव्हा तो आधी बदलावा.

आडव्या दाराला घरगुती बिजागरी बसवताना विसरला जाणारा भाग म्हणजे अडकण. मूळच्या रचनेत दार ठरावीक कोनावर थांबते. नवी बिजागरी मोकळी फिरते आणि उतारावर तीस किलोचे चाक बॉडीवर किंवा मागे उभ्या असलेल्या माणसावर येते. पट्टा, साखळी किंवा कानावर वेल्ड केलेला ठोकळा, काहीतरी हवेच.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे लावले. अडचण बिजागरीपेक्षा तिच्या मागून येणाऱ्या गोष्टींची: मोठे टायर, बाहेर आलेला कॅरियर, स्टेपनीआड गेलेली नंबरप्लेट आणि झाकलेला टेललॅम्प.

बसवल्यानंतर पहिले पाचशे किलोमीटर झाले की सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. दार पूर्ण उघडून त्याच्या टोकाला हात घालून वर उचलून पाहावे. टक् असा आवाज आला तर बुश गेले. आवाज न येता खांबच हलताना दिसला, किंवा प्लेटच्या कडेने रंगाला केसाएवढी तडा दिसली, तर पत्रा जाऊ लागला आहे. स्टेपनी तेव्हाच उतरवून गाडीच्या आत टाकावी.