खळे करणे

खळे करणे : पावसाळा सरल्यावर कोकणात घरापुढचे मातीचे अंगण उकरून, चोपून, सारवून पुन्हा वापरते करण्याची दरवर्षीची रीत. घाटावर खळे म्हणजे मळणीची जागा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरासमोरच्या अंगणालाच खळे म्हणतात, भाताची झोडणीही बहुधा तिथेच होते. कोकणातली थंडी बेताचीच. हिवाळ्याची ही तयारी थंडीसाठी नसते. चार महिने पावसाने बळकावलेली जागा सोडवून घ्यायची असते.

पावसात खळ्यावर गवत माजते, शेवाळ धरते, पागोळ्यांखाली चर पडतो. आश्विनात उघडीप मिळाली की गवत खरवडून कुदळीने वरचा थर खणतात, ढेकळे फोडतात, पाणी बाहेर जाईल असा उतार काढतात. कमी पडेल तिथे नवी माती घालतात. वारुळाची मिळाली तर उत्तम, ती चिकट असते. पाणी शिंपून माती रात्रभर मुरू द्यायची आणि सकाळी चोपण्याने, म्हणजे दांडा असलेल्या जाड सपाट फळीने, धोपटायची. खरा कस ओल ओळखण्यात. माती जास्त ओली असेल तर चोपण्याला चिकटून वर येते, सुकी असेल तर तिचा नुसता भुगा उडतो. वाळताना भेगा पडतातच. त्या बुजवून पुन्हा चोपतात. शेवटी शेणाचा पातळ काला हाताने अर्धगोल फिरवत, मागे सरकत सारवतात. घाईत पुढे सरकणाऱ्याची पावले मग तुळशीच्या लग्नापर्यंत दिसत राहतात.

मुदत सणांनी घातलेली असते. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपुढे कारीट, म्हणजे एक लहान कडू रानफळ, फोडायचे, म्हणून तोवर निदान वृंदावनाभोवतीची जागा तयार लागते. परतीच्या पावसाची एक सर केलेले सगळे धुऊन नेते, ते वेगळेच.

खळे वाळले की लाकडी मेढी पुरून मांडव घालतात, वर नारळाच्या झावळ्यांचे झाप. सावलीत माणसे, बाहेरच्या उन्हात भात आणि सुपारी. याच सुमारास मागच्या परड्यात माडा-पोफळींना आळी करून शिंपणे सुरू होते. वाफ्यांत मुळा, लाल माठ, वांगी, मिरची लागते.

गोठे रिकामे झाले, चोपणे धरणारे हात मुंबईला गेले, तशी खळ्यांत लादी आणि काँक्रीट आले. चिखल गेला खरा, पण मार्चनंतर दुपारी त्यावर अनवाणी पाय ठरत नाही. काही घरांत आता तुळशीभोवतीचा तेवढाच तुकडा मातीचा ठेवतात आणि दिवाळीआधी तो सारवतात.