डोळ्यांवर येणारा हेडलाईट: २०१७ चा नियम आणि त्यामागचं

रात्री समोरच्या हेडलाईटने डोळे दिपले की कोल्हापुरात हमखास २०१७ च्या नियमाला शिव्या बसतात. तो दोष चुकीच्या जागी जातो.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू होताच लागतो. बंद करायचं बटणच गेलं. सुरुवातीला भर दुपारी रंकाळ्याकडून येताना समोरचे लोक बोटं उघडमीट करून खुणावायचे, "भावा, लाईट चालू हाय!" दुचाकी लांबून नजरेत यावी, हा हेतू. विरोधकांचं म्हणणं असं की, रस्त्यावर दिवे असलेल्या गावातही आता प्रत्येक गाडीचा झोत अंगावर येतो. पण नियम दिवा लावायला सांगतो. अप्परवर, म्हणजे लांबच्या झोतावर, ठेवायला नाही. संध्याकाळभर अप्परवर फिरणाऱ्याच्या अंगठ्याशेजारीच झोत खाली घ्यायचं बटण असतं.

समोरच्याचे डोळे दिपू नयेत ही अट त्याहून जुनी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ती थेट मापात आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि १.५ मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. त्यासाठी हेडलाईटच्या काचेचा वरचा भाग काळा किंवा पिवळा रंगवायची पद्धत अनेकांना आठवत असेल.

खरा घोळ बाजारातल्या बल्बने केला. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये निळसर पांढरा एलईडी बसवला की उजेडाचा उगम नेमक्या जागी राहत नाही. झोत फुटतो, डिपरवर म्हणजे खाली वळवला तरी वर उडतो. ऊस हंगामात फुलेवाडीच्या पुढे गगनबावडा रस्त्यावर याचा खरा त्रास. महामार्गावर दुभाजकातली कण्हेर निम्मा झोत अडवते, इथे मध्ये काहीच नाही. जादा दिवे लावलेला ट्रॅक्टर समोर आला की बाजूपट्टी कुठे संपते तेच दिसत नाही.

त्यात 'डिपर'चा गोंधळ. डिपर म्हणजे खाली वळवलेला झोत. पण 'डिपर मारला' म्हणतात तेव्हा अप्परच उघडझाप केलेला असतो. एकजण त्याने "झोत खाली घे" म्हणतो, दुसरा "मी आधी जाणार". समोरच्याला ते डोळे वटारल्यासारखं वाटतं, मग तोही अप्पर मारतो आणि अरुंद पुलाच्या तोंडाशी दोघेही आंधळे होतात.

मागे दोघे बसले की गाडीचं तोंड उचललं जातं आणि साधा डिपरही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हेडलाईटचा स्क्रू फिरवून तो खाली आणता येतो. सर्व्हिसिंगला गाडी टाकताना हे मुद्दाम सांगावं लागतं.