वजन उतरलं, चेहराही उतरला

लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात बहुतेकांना बरंच वाटतं. गुडघ्यांवरचा भार घटतो, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही. आधी नैराश्य असलेल्यांपैकी अनेकांचं नैराश्यही या काळात ओसरतं. त्यामुळे कुणी ‘सगळं नीट चाललंय, तरी रडू येतं’ असं म्हटलं की घरचे म्हणतात, ‘आता कसलं रडू? किती छान बारीक झालीस!’ आणि बोलणं तिथेच तुटतं. अशा वेळी आधी विचारायला हवं ते हे, की शस्त्रक्रियेला किती महिने झाले? कारण तिसऱ्या आठवड्यातली उदासी वेगळी आणि दुसऱ्या वर्षातली वेगळी.

सुरुवातीचे आठवडे उपासमारीचे असतात. स्लीव्ह या प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात. बायपास (हृदयाचा नव्हे, जठराचा) या प्रकारात जठराची साधारण ३० मिलीलिटरची पिशवी ठेवून ती थेट लहान आतड्याला जोडतात. पातळ पदार्थांवर दिवस काढताना थकवा आणि चिडचिड होणारच. त्यात ताण आला की खाऊन मन शांत करायची सवय असेल, तर तो आधार एका दिवसात निघून जातो. ‘हे कशाला करून घेतलं?’ असं या काळात अनेकांना वाटतं. खाणं थोडं रुळलं की सहसा ते ओसरतं. चरबीत इस्ट्रोजेनही तयार होतं. ती झपाट्याने घटली की पाळी पुढेमागे होते, आणि काहींच्या मनाची अवस्थाही तिच्याबरोबर हलते.

मात्र याच काळात उलट्या थांबत नसतील, तर उदासीकडे फक्त उदासी म्हणून पाहू नये. थायमिनचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाचा, शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्यांमुळे तो संपला की मेंदूवर परिणाम होतो. माणूस गप्प होतो, गोंधळतो, चालताना झोक जातो, एकाचे दोन दिसतात. घरच्यांना वाटतं ‘डिप्रेशन आलंय’, आणि मोलाचे तास जातात. हा वर्निके आजार आहे. उशीर झाला तर स्मरणशक्तीची कायमची हानी होते. रुग्णालयात शिरताच ‘वजनाची शस्त्रक्रिया झालीय आणि इतके दिवस उलट्या आहेत’ हे स्पष्ट सांगा. शिरेतून थायमिन ग्लुकोजच्या सलाइनच्या आधी द्यावं लागतं, कारण ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिनही खर्च होतं.

ब१२ची कमतरता सावकाश येते. ते अन्नातून सुटायला जठरातलं आम्ल लागतं आणि शोषलं जायला जठरातच तयार होणारं एक प्रथिन लागतं. शस्त्रक्रियेनंतर दोन्हींचा तुटवडा होतो. यकृतातला साठा एरवी काही वर्षं पुरतो, पण आपल्याकडे शाकाहारी माणसाची सुरुवातच अनेकदा अर्ध्या रिकाम्या कोठारापासून होते. मग पायांना मुंग्या, विसराळूपणा, कशातच रस न वाटणं. नेहमीचं प्रमाण रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन असं आहे, आणि ते आयुष्यभर घ्यायचं असतं. बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रियांना रोज ४५ ते ६० मिलिग्रॅम लोहही लागतं. लोह कमी पडल्यावर येणारा निरुत्साह नैराश्यासारखाच दिसतो. म्हणून मानसोपचार सुरू करतानाच हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), ब१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्यावं.

आधीपासून नैराश्याची गोळी चालू असणाऱ्यांकडे तर फारच दुर्लक्ष होतं. गोळी तीच, पण आता ती विरघळण्याची आणि शोषली जाण्याची जागा बदललेली असते. बायपास झालेल्या १२ जणांच्या एका छोट्या अभ्यासात ८ जणांच्या रक्तातलं औषध महिन्याभराने सरासरी निम्म्यावर आलं होतं. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा भरवसा आणखी कमी. त्या कुटून घेणं धोक्याचं, कारण पूर्ण मात्रा एकदम सुटते. साध्या गोळीत किंवा द्रवरूपात बदल शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून घ्यावा. मनाची अवस्था स्थिर ठेवायला देतात त्या लिथियमचं उलट असतं. त्याची रक्तातली पातळी वाढून विषबाधा होऊ शकते, म्हणून ती वारंवार मोजावी लागते.

अचानक छातीत धडधड, घाम आणि भीती वाटली, तर शेवटचं काय खाल्लं ते आठवा. श्रीखंड किंवा पुरणपोळीनंतर अर्ध्या तासात असं होत असेल, तर गोड वेगाने आतड्यात उतरल्याचा तो परिणाम असू शकतो. एक ते तीन तासांनी होत असेल, तर साखर खाली गेलेली असू शकते. ग्लुकोमीटरवर आकडा पाहिल्याशिवाय त्याला पॅनिक अटॅक म्हणू नये.

खरी काळजी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची. वजन घटायचं थांबतं, थोडं परतही येतं. पोटाची, दंडांची कातडी लोंबते. कौतुक थांबतं. लग्नाच्या पंगतीत दोन घासांत हात थांबला की आग्रह आणि टोमणे दोन्ही येतात. नातीही हलतात, स्वीडनमधल्या नोंदींत शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांची लग्नं वाढलेली दिसली, आणि जोडप्यांचं विभक्त होणंही. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, तिचं व्यसन लागण्याचा धोकाही वाढतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा स्वतःला इजा केल्यामुळे तातडीने रुग्णालयात येण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीडपट झालेलं आढळलं. यातल्या बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या होत्या. शस्त्रक्रियेच्या आधीचा आणि नंतरचा काळ मिळून असे रुग्ण १११, म्हणजे शेकडा एकाच्या थोडे वर. शस्त्रक्रियेने एकूण मृत्यू घटतात, हेही खरंच. पण नेमक्या याच काळात तपासणीच्या फेऱ्या बंद झालेल्या असतात, आणि मला यातलं सगळ्यात चुकीचं तेच वाटतं.

फेऱ्या किमान तीन वर्षं चालू ठेवा, आणि दर वेळी वजनाबरोबर पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणीही घ्यायला सांगा. पाच मिनिटांत होते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे; त्याला ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर बाकीचे गुण न पाहता त्याच दिवशी तज्ज्ञांशी बोलायचं. घरातल्या औषधांचा साठा तोवर दुसऱ्या कुणीतरी ताब्यात ठेवावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. फोन रुग्णानेच करायला हवा असं नाही, घरच्यांनी केला तरी चालतो.