ॲल्युमिनियम भट्टीचा ड्रॉस, स्लॅग आणि धूळ: तपासणीला नमुना देण्यापूर्वी

भंगार ॲल्युमिनियम वितळवताना धातूवर जमणारी साय म्हणजे ड्रॉस, फ्लक्सच्या (धातू स्वच्छ करायला भट्टीत टाकलेल्या क्षारांच्या) मिठाने भरलेली मळी म्हणजे स्लॅग आणि धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरमधली धूळ आम्ही आमच्या प्रयोगशाळेत तपासतो. बहुतेक ग्राहक पहिल्यांदा एकच विचारतात: यात ॲल्युमिनियम किती टक्के? एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारे) यंत्र तो आकडा काही मिनिटांत देते. पण तेवढ्यावर विल्हेवाट ठरवू नका, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. एक्सआरएफला मूलद्रव्य कळते, ते कोणत्या रूपात आहे हे कळत नाही. तेच ॲल्युमिनियम धातू असेल तर पुन्हा वितळवता येते, ऑक्साइड असेल तर पाण्यातही स्वस्थ पडून राहते, आणि नायट्राइड किंवा कार्बाइड (नायट्रोजन किंवा कार्बनशी झालेले संयुग) असेल तर ओल लागताच वायू सोडते.

खरा धोका या वायूंचा आहे. तापलेल्या धातूचा हवेतल्या नायट्रोजनशी संयोग होऊन नायट्राइड बनते आणि त्याला पाणी मिळाले की अमोनिया सुटतो. कार्बाइडमधून मिथेन निघतो, धातूच्या बारीक कणांतून हायड्रोजन. भिजलेल्या ढिगाजवळ नाकाला झोंबतो तो अमोनिया. मिथेन आणि हायड्रोजनला वासच नसतो. त्यामुळे वास येत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अमोनियामुळे ढिगातली ओल अल्कधर्मी होते, तशा पाण्यात धातूवरचे ऑक्साइडचे कवच टिकत नाही, मग हायड्रोजन आणखी जोराने सुटतो आणि ढीग आतून तापत जातो. अशा ढिगाने पेट घेतला तर पाणी अजिबात मारू नका. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीची भुकटी वापरा.

म्हणून आम्ही आधी एक्सआरडीवर (स्फटिकांची रचना क्ष-किरणांनी ओळखणाऱ्या यंत्रावर) कोणती संयुगे आहेत ते पाहतो. मग नमुना कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकून सुटलेला वायू मोजतो. १ ग्रॅम धातूपासून शून्य अंश सेल्सिअसला सुमारे १.२५ लिटर हायड्रोजन मिळतो. त्यात कार्बाइडचा मिथेन मिसळला तर धातू आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, त्यामुळे वायूचे घटक गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासल्याशिवाय आकडा देत नाही. नायट्राइडसाठी अमोनिया बोरिक आम्लात धरून टायट्रेशन करतो.

वाहतुकीचा वर्ग वेगळ्या चाचणीने ठरतो. पाण्याच्या संपर्कात दर किलोमागे तासाला १ लिटरपेक्षा जास्त ज्वलनशील वायू सुटला, तर संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार माल ४.३ वर्गात (पाण्याशी संपर्क आल्यावर ज्वलनशील वायू सोडणारे धोकादायक पदार्थ) जातो. ॲल्युमिनियम पुनर्वितळणातून निघणाऱ्या अशा मालाचा यूएन क्रमांक ३१७० आहे.

स्लॅगमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्लोराइड भरपूर असते, फ्लक्समधून फ्लोराइडही येते. हे क्षार पाण्याबरोबर किती वाहून जातील ते लीचिंग चाचणीत कळते. ती बंद बाटलीत तासन्‌तास हलवत करायची असते आणि वायू साठून बाटली फुटू शकते. त्यामुळे वायूची चाचणी झाल्याशिवाय आम्ही लीचिंग सुरू करत नाही, घाई असली तरी. धुळीत शिसे, कॅडमियम, जस्त पाहतो. भंगारावर रंग, तेल किंवा प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिनही (अशा गोष्टी जळताना बनणारी विषारी संयुगे) तपासायला हवे. ते काम आमच्याकडे होत नाही, त्याची खास सोय असलेल्या प्रयोगशाळेत करून घ्यावे.

सगळ्यात जास्त चूक होते ती नमुन्यात. ड्रॉस दळला की ऑक्साइडचे पीठ होते, पण धातू मऊ असल्याने चपटा होऊन चाळणीवर उरतो. चाळणीवर उरलेला हा चाळ फेकून फक्त पीठ तपासले तर अहवालातून धातूच गायब! आम्ही चाळ आणि पीठ दोन्ही तोलतो, वेगवेगळे तपासतो आणि वजनाच्या प्रमाणात आकडे एकत्र करतो. तुम्हीही भुकटीबरोबर गठ्ठे पाठवा. ढिगाच्या वरचा थर हवेतल्या ओलाव्याने आधीच बदललेला असतो, म्हणून आतून आणि अनेक ठिकाणांहून माल घ्या.

माल पूर्ण थंड आणि कोरडा असेल तर हवाबंद डब्यात भरा. ओला असेल तर डबा घट्ट बंद करू नका, भट्टीजवळ वाळवूही नका. उष्णतेने अभिक्रिया वाढते आणि आमच्यापर्यंत पोचेतो नायट्राइड घटलेले असते. आधी फोन करा, तो नमुना कसा आणायचा ते आम्ही सांगू. डब्यावर भट्टीतून माल काढल्याची तारीख, भंगाराचा प्रकार, वापरलेला फ्लक्स आणि ढिगावर पाणी पडले होते का, एवढे नक्की लिहा.