पेंटबॉलच्या माऱ्यात यूव्ही फिल्टर लेन्स वाचवत नाही

पेंटबॉलचे, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाचे, फोटो काढायला निघालेल्या मुंबईतल्या नवख्या फोटोग्राफरला हमखास सल्ला मिळतो, "यूव्ही फिल्टर लाव, लेन्सला काही होत नाही." हे खरं नाही. पेंटबॉलची गोळी जेमतेम ३ ग्रॅमची, पण बंदुकीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास असतो. लेन्सच्या पुढे बसवलेल्या फिल्टरची पातळ काच जवळून बसलेला असा मार सोसत नाही. ती फुटते आणि तिचेच तुकडे लेन्सच्या पुढच्या काचेवर ओरखडे पाडतात. धूळ आणि उडालेले शिंतोडे, एवढ्यापुरताच फिल्टर कामाचा.

थेट मार अडवायला लेन्सच्या हूडच्या (तोंडाशी लावायच्या नळीसारख्या कडेच्या) पुढे पॉलिकार्बोनेटची शीट बसवा. ॲक्रिलिक नको, ते तडकतं. शार्पनेस थोडा घटतो, पण तेवढं चालवून घ्यावं.

रंग लागलाच तर थिनर लावू नका. गोळीचं कवच जिलेटिनचं आणि आतला रंग पाण्यात विरघळणारा, त्यामुळे ओलसर फडक्याने निघतो. बटणांच्या फटी मात्र लगेच पुसा, वाळला की तिथे चिकटा धरतो. आपल्या दमट हवेत ओला कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलात तर लेन्सला बुरशी लागते.

आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावण्यासाठी डोळे-चेहरा झाकणारा खेळाचा मास्क क्षणभरही काढू नका. स्क्रीनवर बघून फोटो काढा.