पर्सेप्च्युअल ॲबिलिटी टेस्ट (पॅट)

अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या 'डेंटल ॲडमिशन टेस्ट' अर्थात डॅट या परीक्षेतील एक विभाग. आकार, कोन आणि त्रिमितीय वस्तू मनात उभ्या करण्याची क्षमता त्यात तपासली जाते. 60 मिनिटांत 90 प्रश्न सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला 40 सेकंद. डॅट अमेरिकन डेंटल असोसिएशन घेते आणि उमेदवार प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रांवर ती संगणकावर देतात. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, वाचन-आकलन आणि गणित हे तिचे बाकीचे भाग अभ्यास करून येणाऱ्याला ओळखीचे असतात. पॅटचे मात्र पाठ्यपुस्तक नाही. त्यामुळे विज्ञानात पुढे असलेला विद्यार्थीही पहिल्या सराव चाचणीत इथे गडबडतो. पॅटचे गुण गुणपत्रिकेत वेगळे येतात, शैक्षणिक सरासरीत धरले जात नाहीत. मार्च 2025 पासून सर्व विभागांचे गुण जुन्या 1 ते 30 ऐवजी 200 ते 600 या पट्टीवर दिले जातात.

ही परीक्षा राष्ट्रीय पातळीवर 1950 पासून सुरू आहे. सुरुवातीच्या काळात उमेदवाराच्या हातात खडू आणि कोरायचे हत्यार देत आणि ठरलेल्या मापाचा आकार कोरून घेत. 1972 मध्ये खडू जाऊन कागदावरचे प्रश्न आले. कॅनडातील अशाच परीक्षेत साबण कोरण्याची चाचणी त्यानंतरही बरीच वर्षे होती. खडू कोरताना हाताची परीक्षा होत होती, पॅटमध्ये ती नजरेची होते. या दोन गोष्टी एकच नाहीत, हे दंतवैद्यकाच्या शिक्षकांना तेव्हाही ठाऊक होते. पण हजारो खडू तपासून त्यांना सारख्या न्यायाने गुण देणे हे जिकिरीचे काम होते.

दंतवैद्याला या क्षमतेची गरज काय, असा प्रश्न पडतो. वरच्या जबड्यातील मागच्या दाढा थेट दिसत नाहीत. त्या छोट्या आरशात पाहाव्या लागतात, आणि प्रतिमा उलटी असताना हात सुलटा चालवावा लागतो. एक्स-रेची फिल्म सपाट असते. तिच्यात एकावर एक पडलेली मुळे खऱ्या दाढेत कशी वळली असतील, ते डोक्यातच उभे करावे लागते. कॅप बसवण्यासाठी दात घासताना समोरासमोरच्या भिंतींचा उतार जेमतेम काही अंशांचा ठेवायचा असतो आणि तोंडात कोनमापक लावता येत नाही. असे असले तरी पॅटमधले गुण आणि पुढे प्रयोगशाळेत दिसणारे कौशल्य यांचा संबंध किती घट्ट आहे, याबाबत संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

पॅटमध्ये सहा प्रकारचे प्रश्न असतात, प्रत्येक प्रकाराचे 15: वस्तू कोणत्या भोकातून आरपार जाईल, दोन दृश्यांवरून तिसरे ओळखणे, कोनांचा क्रम लावणे, घडी घातलेल्या कागदाची भोके, रंगवलेले घन मोजणे, आणि खोक्याच्या उलगडलेल्या पुठ्ठ्यासारखा सपाट नकाशा दुमडून तयार होणारी वस्तू. हे सारे कल्पनाशक्तीचे खेळ वाटतात. प्रत्यक्षात चांगले गुण मिळवणारे उमेदवार कल्पनाशक्ती शक्य तितकी कमी खर्च करतात. मोजणे, खूण करणे आणि न जमणारा पर्याय खोडणे यांवरच त्यांचा भर असतो. त्यामागे कारण आहे. रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात घनांच्या दोन आकृत्या एकाच वस्तूच्या आहेत का, हे लोकांना ओळखायचे होते. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका वेळ सरळ रेषेत वाढत गेला. वेग सेकंदाला सुमारे 60 अंश. मन जणू वस्तू खरोखरच फिरवत होते. या हिशेबाने एक आकृती 180 अंश फिरवायला तीनेक सेकंद लागतात. प्रत्येक पर्यायासाठी तसे करत बसले, आणि मध्येच प्रतिमा निसटली म्हणून पुन्हा सुरुवात केली, तर 40 सेकंद हा हा म्हणता संपतात.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते घनांच्या प्रश्नात. सारख्या आकाराचे घन चिकटवून एक रचना केलेली असते. जमिनीला टेकलेला तळ सोडून तिच्या सर्व बाजू रंगवलेल्या असतात. अमुक इतक्या बाजू रंगलेले घन किती, असा प्रश्न असतो. दिसत नसलेले घन फक्त वरच्या घनांना आधार देण्यापुरतेच आहेत, असे धरायचे. महाराष्ट्रात स्पर्धा परीक्षांची तयारी केलेल्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल, आणि तिथेच तो फसण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या नेहमीच्या गणितात 27 घनांचा मोठा घन सहाही बाजूंनी रंगवतात. तीन बाजू रंगलेले 8, दोन बाजूंचे 12, एका बाजूचे 6 आणि कोरा 1, हे उत्तर अनेकांना पाठ असते. पॅटच्या नियमाने तळ कोरा राहतो, म्हणून तोच घन 4, 12, 9 आणि 2 असे उत्तर देतो. मधला 12 दोन्हीकडे सारखाच आल्याने चूक लवकर लक्षातही येत नाही. ताळा सोपा आहे: 4×3 + 12×2 + 9 = 45, आणि रंगवलेल्या पाच बाजूंवर प्रत्येकी 9 चौकोन म्हणजेही 45. परीक्षेत मिळणाऱ्या पाटीवर एकेका घनासाठी खूण करत तक्ता भरला की एकाच आकृतीवरचे पुढचे प्रश्न त्याच तक्त्यावरून सुटतात. इथे मनात काहीही फिरवावे लागत नाही.

कागदाच्या घड्यांचेही तसेच. चौकोनी कागद एक ते तीन वेळा दुमडून भोक पाडतात, आणि उलगडल्यावर भोके कुठे दिसतील ते ओळखायचे असते. दुमडलेला कागद मूळ चौकोनाच्या बाहेर कधी जात नाही. पाटीवर 4×4 ची जाळी काढावी, भोकाची चौकट काळी करावी आणि घड्या उलट्या क्रमाने उघडत प्रत्येक वेळी घडीच्या रेषेपलीकडे प्रतिबिंब उतरवावे. उजवा अर्धा भाग डावीकडे आणि मग खालचा अर्धा वर घेतला, तर वरच्या डाव्या चतकोरात चार थर जमतात. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातले भोक उलगडल्यावर कागदाच्या चारही कोपऱ्यांत दिसते. मधल्या कोपऱ्यातले भोक कागदाच्या मध्यभागी चार भोकांचा पुंजका करते. जाळी काढायला वेळ नसेल तर निदान भोकाच्या जागी किती थर आहेत ते मोजावे. भोकांची संख्या थरांइतकी नसलेले पर्याय तेवढ्यानेच बाद होतात. शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षेला बुद्धिमत्ता चाचणीत असे प्रश्न सोडवलेल्यांना इथे थोडा फायदा होतो.

तिसरे दृश्य ओळखण्याच्या प्रश्नात भारतात शिकलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डावीकडे वर टॉप व्ह्यू (वरून दिसणारे दृश्य), त्याखाली फ्रंट व्ह्यू (समोरून) आणि फ्रंटच्या उजवीकडे एंड व्ह्यू (बाजूने) अशी पॅटची मांडणी असते. ही थर्ड अँगल पद्धत आहे. भारतात अभियांत्रिकी आणि आयटीआयमध्ये फर्स्ट अँगल शिकवतात, तिच्यात टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली येतो. ड्रॉइंग बोर्डावर हात बसलेला विद्यार्थी सवयीने उलटे वाचू शकतो. मांडणी एकदा मनात पक्की केली की उरते ते मोजमाप: टॉप आणि फ्रंटमधील रुंदी एका उभ्या रेषेत जुळते, फ्रंट आणि एंडमधील उंची एका आडव्या रेषेत, आणि टॉपमधील खोली ही एंडमधील रुंदी असते. जी कड त्या बाजूने दिसत नाही ती तुटक रेषेने दाखवतात. एखाद्या पर्यायात तुटक रेषा कमी किंवा जास्त असली की तो गळतो.

भोकाचा प्रश्न या सहांत सर्वांत चिवट समजला जातो. वस्तू आत घालण्यापूर्वी कशीही फिरवता येते, एकदा शिरू लागली की नाही. भोक हे तिच्या बाह्याकाराशी तंतोतंत जुळते. आकार बरोबर पण माप लहान किंवा मोठे, हा इथला ठरलेला चकवा आहे. समोरून, वरून आणि बाजूने अशा तीन सावल्या ठरवून त्यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण ताडून पाहणे, एवढाच मार्ग. इथे कल्पनाशक्ती पूर्णपणे टाळता येत नाही. नकाशा दुमडण्याच्या प्रश्नात एखादी वेगळ्या आकाराची किंवा छटेची बाजू धरून तिच्या शेजारच्या बाजू तपासल्या की बहुतेकदा भागते. चार कोनांचा क्रम लावताना भुजांच्या लांबीकडे दुर्लक्ष करून नजर शिरोबिंदूवर ठेवतात. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा कोन खात्रीने ठरला तरी पर्यायांपैकी बरेचसे बाद होतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून कोरा प्रश्न सोडू नये.

भारतात बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि तिथे असा विभाग नाही. नजर आणि हात यांची पहिली कसोटी पहिल्या वर्षी लागते, मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरताना. बीडीएस करून अमेरिकेत जाणाऱ्या मराठी दंतवैद्यांनाही पॅट द्यावी लागत नाही. ते परदेशी पदवीधरांसाठीच्या अभ्यासक्रमांतून जातात. मात्र त्यांतल्या अनेक महाविद्यालयांत 'बेंच टेस्ट' असते, आणि तिच्यात प्लास्टिकच्या दातांवर किंवा पुन्हा मेणावर कोरून दाखवावे लागते.